डॉक्टरांच्या स्कीज आणि बोरिक पावडर

मी डॉक्टरांच्या स्कीजना कॅरमची पावडर लावली. शर्यत सुरू व्हायला पन्नास मिनिटं उरली होती, डॉक्टर अंघोळीला गेले होते, आणि मला कुणीही काहीही करायला सांगितलेलं नव्हतं.

आज हे मी दोन वाक्यांत लिहून मोकळा झालो. पहिल्यांदा तोंडातून काढायला सात महिने लागले होते. तेही मी आपणहून काढलं नाही, डॉक्टरांनी काढून घेतलं. पण ते पुढे येईलच. आधी डॉक्टर.

ते माझे घरमालक. पुण्याहून वर्क व्हिसावर इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आलो तेव्हा त्यांच्या गॅरेजवरची खोली मला मिळाली आणि तीन वर्षं मी तिथेच राहिलो. ते हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, मी येण्याच्या जरा आधी निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो, मागच्या अंगणात टोमॅटो लावतो, असा माझा समज होता. डॉक्टरांना रागवायला आता पूर्ण वेळ मिळू लागला होता, एवढंच. ते कौन्सिलवर, म्हणजे गावच्या नगरपालिकेवर रागवत, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईवर रागवत, आणि "आम्ही जरा लवकर निघतो हं" म्हणणाऱ्या पाहुण्यांवर तर तोंडावर रागवत. ओरडत मात्र नसत. आवाज खाली यायचा आणि शब्द सुटे सुटे पडायचे, समोरच्याला टेबलावर आडवं करून आकडे मोजायला लावल्यासारखे.

पहिल्याच रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो, तर समोरच्या बिझनेस पार्कच्या रिकाम्या कार पार्कमध्ये एक म्हातारा माणूस फेऱ्या मारत होता. पिवळं जाकीट, हेल्मेट, दोन्ही हातांत काठ्या, पायांना चाकं लावलेल्या लांब पट्ट्या. टक, टक, टक. ऑगस्ट महिना. जवळ आल्यावर कळलं, हे तर आपले घरमालक.

"डॉक्टर, हे काय?"

"स्कीइंग."

"पण बर्फ?"

"बर्फ नाहीये हा माझा दोष आहे?"

"नाही."

"मग मला का विचारतोस?"

मी नवा भाडेकरू, गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "स्कीइंग म्हणजे ते डोंगरावरून खाली घसरतात ते ना?" डॉक्टर थांबले. आवाज खाली आला.

"डोंगरावरून खाली बटाटासुद्धा येतो. त्याला कुणी मेडल देतं का? मी करतो ते क्रॉस-कंट्री. सपाटीवर, चढावर, मैलच्या मैल, स्वतःच्या पायांनी. आता दूध आण. आमचंही आण."

हे खूळ त्यांना कुठून लागलं ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी मला सांगितलं. इथे आल्यावर डॉक्टरांची पहिली नोकरी स्कॉटलंडमधल्या एका लहान हॉस्पिटलात होती. एकदा बर्फानं रस्ते बंद झाले. डॉक्टर आदल्या दिवसापासून अडकलेले, बदली कुणी येईना. सकाळी खिडकीतून बघतात तर लांबच लांब पांढऱ्या माळावरून एक ठिपका येतोय. ती त्यांच्या वॉर्डातली नर्स होती. ती आली, स्कीज भिंतीला टेकवल्या, हात धुतले आणि कामाला लागली. "तेव्हापासून," काकू म्हणाल्या, "माझ्याशी लग्न ठरल्यावरसुद्धा मला आधी त्या बाईबद्दल सांगितलं. आधी स्की, मग बाई." मग ड्यूट्या आल्या, परीक्षा आल्या, मुलं आली, आणि स्की राहून गेली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी घड्याळ दिलं. ते घड्याळ परत करून डॉक्टरांनी चाकांच्या स्कीज घेतल्या.

डॉक्टरांच्या रागाला एक नियम होता, तो मला हळूहळू समजला. शेवट होण्याआधीच उठून जाणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून तिरस्कार होता.

"सर्जन टाके घालतो, हातमोजे फेकतो आणि कॉफी प्यायला जातो," ते म्हणत. "पेशंट तेव्हा कुठे असतो? मधेच असतो. त्याला परत कोण आणतं?" आणि लगेच पुढचं दुखणं. थिएटरच्या भिंतीवर रोजची ऑपरेशनची यादी लागायची. तिच्यात सर्जनचं नाव छापलेलं, आणि भूलतज्ज्ञाच्या रकान्यात 'टीबीसी', म्हणजे नंतर कळवू. "तीस वर्षं!" डॉक्टर म्हणत. "तीस वर्षं माझं नाव टीबीसी होतं. नंतर कुणी कळवलंच नाही."

हिवाळी स्पर्धा टीव्हीवर लागल्या की आमच्या घरात युद्धाचं वातावरण. शर्यत सुरू झाली की काकू स्वयंपाकघरात जात आणि दार लावून घेत. पहिले तिघे रेषा ओलांडून बर्फात कोसळले, की टीव्हीवाले लगेच स्टुडिओत. डॉक्टर उठून उभे राहत. "अरे, मागे साठ माणसं अजून चालतायत! त्यांचं काय? ती मेली का?" मग मला हाक. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे लॅपटॉपवर कुठून तरी तीच शर्यत शोधून देणं हे माझं काम. एकदा आम्ही तसे दोघेच बसून राहिलो. विजेता केव्हाच निघून गेला होता, जाहिरातींच्या फळ्या उतरवत होते, आणि कुठल्या तरी उन्हाच्या देशातला एक माणूस एकटाच लंगडत येत होता. रेषेवर एक बाई हातात पॅड घेऊन उभी होती. फक्त तीच. त्यानं रेषा ओलांडली, तिनं पॅडवर काहीतरी लिहिलं.

"ही बघ," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "सगळ्या स्पर्धेत कामाचं माणूस हे एवढं एकच."

मी म्हणालो, "पण डॉक्टर, शेवटून पहिल्याला बघून आपल्याला मिळतं काय?"

त्या दिवशी मला जेवायला वर खोलीत पाठवलं. ताट हातात देऊन.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची गोष्ट लोक अजून सांगतात, पण चुकीची सांगतात, म्हणून लिहितो. कार्यक्रम लांबला होता. शेवटी स्टॅनमोरचे एक काका माउथ ऑर्गन वाजवणार होते. ते स्टेजवर येऊन घसा खाकरेपर्यंत अर्धा हॉल उठला आणि मसालेभाताच्या रांगेत लागला. काकांनी एक सूर काढला आणि थांबले. कुणी बघत नाही म्हटल्यावर बिचारे रुमालानं माउथ ऑर्गन पुसायला लागले. डॉक्टर पहिल्या रांगेतून उठले, शांतपणे भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेल्यासमोर खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले.

"काकांचं वाजवून झाल्याशिवाय कुणालाही भात मिळणार नाही."

अध्यक्ष धावत आले. "डॉक्टर, अहो, भात गार होतोय!"

"मायक्रोवेव्ह आहे. भात गरम करता येतो. काकांना मायक्रोवेव्ह करता येत नाही."

लोक सांगतात की मग सगळे गुपचूप बसले. खोटं. निम्मे लोक चिडून घरी गेले. मी रांगेत तिसरा होतो, हातात ताट. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताट पाठीमागे लपवलं, जणू ते माझं नव्हतंच. काकांनी तीन गाणी वाजवली. अत्यंत वाईट वाजवली. डॉक्टर शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते, रागारागानं.

मग त्या वर्षी बातमी आली. हॉस्पिटलांत काम केलेल्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धा असते, ती मार्च महिन्यात स्कॉटलंडला भरणार होती. दहा किलोमीटर क्रॉस-कंट्री. नॉर्वे, फिनलंड, जर्मनीचे डॉक्टर-नर्स येणार होते. निवृत्तांनाही परवानगी. अट एकच, दीड तासात रेषा ओलांडायची. त्यानंतर आलेल्याचं नाव निकालात वेळेशिवाय, 'बाद' म्हणून.

डॉक्टरांचा उजवा गुडघा तोवर कामातून जात चालला होता. सर्जनचं म्हणणं, बदलून घ्या. फार तर वर्षभर थांबता येईल. डॉक्टर म्हणाले, आधी शर्यत. त्यांना जिंकायचं नव्हतं, इतका वेडेपणा त्यांच्यातही नव्हता. त्यांना एका छापील यादीत स्वतःचं नाव आणि त्यापुढे वेळ हवी होती. "शेवटून पहिला आलो तरी चालेल," ते मला म्हणाले. "पण टीबीसी नको."

काकूंनी यायला साफ नकार दिला. "बर्फ मी फ्रीजरमध्ये बघते, तेवढा मला पुरतो." गाडी चालवायला मी, आणि मदतनीस म्हणूनही मीच. अर्जात तसा रकानाच होता. डॉक्टरांनी त्यात माझं नाव नीट अक्षरात लिहिलं. मी संध्याकाळी वेळ जावा म्हणून कॅरम बोर्ड गाडीत टाकला. मी मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा उपविजेता. हे मी इथे बढाई म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगतोय.

शर्यतीच्या दिवशी बर्फ ओला होता. डॉक्टरांनी सातलाच उठून शर्यतीसाठी घेतलेल्या नव्या, बिनचाकांच्या स्कीज तयार केल्या, भिंतीला टेकवल्या आणि अंघोळीला गेले. मी डोळे चोळत आलो. बघतो तर दोन्ही स्कीजच्या तळाला, बरोबर मध्यभागी, तपकिरी, दाट, चिकट लगदा फासलेला. बोट लावलं तर बोट निघेना. मला वाटलं, पॅकिंगचा गोंद राहिलाय. घसरायच्या वस्तूला गोंद! म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही बहुतेक.

आम्ही मूळची कोकणातली, फणसाच्या मुलखातली माणसं. चिकाचं काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. काकूंनी डॉक्टरांच्या कोरड्या हातांसाठी दिलेली खोबरेल तेलाची बाटली समोरच होती. मी ती अख्खी वापरली. चोळून चोळून सगळा चिकटा काढला, भांड्याच्या साबणानं तळ पुसला, कोरडा केला. लख्ख झाला. मग कॅरमचा डबा उघडला आणि बोरिक पावडर तळहातानं अशी काही एकसारखी लावली की काय सांगू. स्कीवर बोट ठेवलं तर बोट पळत होतं.

डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. म्हटलं, सरप्राइज. आणि स्कीज स्वतः उचलून नेऊन त्यांच्या पायांपुढे बर्फावर मांडल्या, म्हणजे त्यांना वाकायला नको.

तो गोंद नव्हता. स्कीच्या पुढच्या-मागच्या टोकाला गुळगुळीत वॅक्स असतं आणि मध्ये, पायाखाली, मुद्दाम चिकट. पाय जोरात दाबला की तो चिकट भाग बर्फाला धरतो आणि त्याच्यावर जोर देऊन माणूस पुढे जातो. ते नसेल तर चढावर पुढे टाकलेला पाय मागे येतो. हे डॉक्टरांनी मला येताना गाडीत समजावून सांगितलं होतं, चांगलं दोन वेळा. मी हूं हूं करत सॅटनॅव्हवरचा रस्ता बघत होतो.

सुरुवातीची शिट्टी झाली. सपाटीवर डॉक्टर काठ्यांच्या जोरावर निघाले. शंभरएक पावलांवर पहिला चढ. नॉर्वेच्या बायका टपटप चढून गेल्या. डॉक्टरांनी पाय टाकला, मागे आले. टाकला, मागे आले. मी काठावर उभा राहून मनात म्हणतोय, वा, काय सरकतायत स्कीज! आणि वर ओरडलोसुद्धा, "भले शाब्बास, डॉक्टर!" त्यांनी वळून बघितलं. मग पावलं फाकवून, बदकासारखे, एकेक वीत चढायला लागले. असे चढ त्या वाटेवर अनेक होते, आणि फेऱ्या दोन होत्या.

तासाभरात बहुतेक सगळे पोचले. मला थंडी वाजत होती. आता थोडा वेळ लागेलच, म्हणून मी कॅफेत गेलो. कॅफेत ताज्या तळलेल्या चिप्स होत्या.

बाहेर आलो तेव्हा रेषेवरचं मोठं घड्याळ उतरवलेलं होतं, झेंडे गुंडाळत होते. डॉक्टर एका उलट्या क्रेटवर बसले होते. शेजारी लाल टोपीतली एक स्कॉटिश बाई, हातात पॅड. तिनं त्यांच्या खांद्यावर स्वतःचं जाकीट टाकलं होतं. मला बघून तिनं नुसतं विचारलं, "तूच का तो मदतनीस?" मी हो म्हटलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पॅडवरचं पान उलटलं आणि गेली.

परतीच्या प्रवासात डॉक्टर नुसते समोरचा रस्ता बघत बसले. स्कॉटलंड संपलं तरी तेच. पेट्रोल भरायला हायवेवरच्या एका सर्व्हिसेसला थांबलो तेव्हा समोर बघत म्हणाले,

"मी आलो तेव्हा तू कुठे होतास?"

"कॅफेत."

"काय खात होतास?"

"चिप्स."

"गरम होत्या?"

"हो."

"छान."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण लगेच ते म्हणाले, "पाय गेला रे माझा. दाबच देत नव्हता. वॅक्स बरोबर होतं, मी दोनदा तपासलं होतं. पायच नालायक निघाला." आणि मी, पावडरवाला, चिप्सवाला, म्हणालो, "वय होतं, डॉक्टर." हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

निकाल लागला. सगळ्यांच्या खाली त्यांचं नाव, पुढे वेळेच्या जागी 'बाद'. पाडव्याच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी भाताचं उट्टं काढलं. "काय डॉक्टर, शेवटून पहिले म्हणे!" सगळे हसले. मीही हसलो. हसावं लागतं म्हणून हसलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी चांगला मोठ्यानं हसलो.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "शेवटचा म्हणजे पोचलेला. मी तोही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्जनला फोन केला. वर्षभर थांबायचं काही कारण नाही, काढून टाका. चाकांच्या स्कीज जुन्या वस्तू दान देतात त्या चॅरिटी शॉपमध्ये गेल्या. रविवारी सकाळची टकटक बंद झाली, आणि उन्हाळ्यात मी लंडनला, एजवेअरमध्ये राहायला गेलो. नवी नोकरी हे कारण मी सगळ्यांना सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये काकूंचा फोन आला. "गुडघा छान झालाय, पण माणूस खुर्चीत बसून आहे. रागवतसुद्धा नाही रे. ये जरा, कॅरम घेऊन ये."

गेलो. बोर्ड मांडला. डॉक्टरांनी पावडर टाकली, स्ट्रायकर नुसता बोटानं ढकलला तर या टोकाहून त्या टोकाला. "काय सरकतंय रे हे," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

"काय झालं तुला?"

"कुठे काय."

"तीस वर्षं मी बेशुद्ध माणसांचे चेहरे वाचले. तू तर जागा आहेस. बोल."

मी सगळं सांगितलं. चिकटा, तेल, साबण, पावडर, सरप्राइज. डॉक्टरांचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"सात महिने मी माझ्या पायाला शिव्या दिल्या. ज्या पायानं मला तशा स्कीजवर दहा किलोमीटर नेलं, त्या पायाला. आणि तू समोर बसून म्हणालास, वय होतं." मग एकदम खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उभे राहिले, काठीशिवाय. "अगं ए! बाहेर ये! पाय नव्हता तो! हा होता!"

काकू पोळीचं लाटणं घेऊन बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझी तेलाची बाटली तू संपवलीस? आणि मी यांना बोलले!"

त्या दिवशी मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. मंडळाच्या लोकांच्या घरी हे वाचलं जाईल. मला वाटलं तासाभरात ओसरेल. नाही ओसरलं. जेवताना चालू होतं, मी बूट घालतानाही चालू होतं. मधेच लॅपटॉप मागवला. स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहायचं ठरलं. माझा कबुलीजबाब मीच टाइप केला, त्यातल्या दोन चुका त्यांनी दुरुस्त केल्या आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडून 'मूर्खपणा' घातला. मागणी एवढीच, की निकाल दुरुस्त व्हावा.

महिन्याभरानं एजवेअरला फोन आला. डॉक्टर हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत. "उत्तर आलंय. लाल टोपीच्या बाईचं. तिनं पॅडवरचं पान जपून ठेवलं होतं, ते पाठवलंय. पेन्सिलीनं लिहिलंय. माझं पूर्ण नाव, स्पेलिंग बरोबर. पुढे दोन तास अकरा मिनिटं." मधून मधून काठी जमिनीवर आपटल्याची, रविवार सकाळची ती ओळखीची टकटक ऐकू येत होती. "सोबत पत्र आहे. दोनच ओळी. ऐक."

आणि त्यांनी सुटे सुटे शब्द करत वाचलं, "निकाल बदलता येत नाही. मदतनीस बदलता येतो."